गळीत हंगामातला शांत रस्ता : सातारा तालुक्याजवळच्या एका सायकल मार्गाचे प्रकरण

पार्श्वभूमी

साताऱ्यात दर रविवारी पहाटे सायकली घेऊन बाहेर पडणारा आमचा नऊ जणांचा गट आहे. आम्ही सगळे ज्यांना सर म्हणतो ते सेवानिवृत्त शिक्षक वयाने सर्वांत मोठे, त्रेसष्ट वर्षांचे. बँकेत अधिकारी असलेल्या ताई, एसटीच्या कार्यशाळेत काम करणारे दादा, एक नवरा-बायको, तीन महाविद्यालयीन मुले आणि मार्ग ठरवण्याचे काम ज्याच्याकडे सोपवले आहे तो मी, असा हा गट आहे. व्यक्तींची नावे आणि मार्गावरच्या लहान गावांची नावे येथे मुद्दाम दिलेली नाहीत; बाकी हकिगत घडली तशी मांडली आहे.

सुरुवातीची दोन वर्षे आमचा नेहमीचा मार्ग पुणे-बंगळूर महामार्गाच्या सेवा रस्त्याने लिंब फाट्यापर्यंत आणि तिथून आत बारा मोटांच्या विहिरीपर्यंत असा होता. इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली ही विहीर पाहण्यासारखी आहे, फाट्यापासून आतला रस्ताही झाडीचा आहे. पण तिथवर पोचायचे तर सेवा रस्ता टळत नव्हता. उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी, ढाब्यांपुढे आडवे लावलेले ट्रक आणि उड्डाणपुलांच्या तोंडाशी होणारी सगळ्यांची एकच गर्दी यांमुळे दीड तासाच्या सायकलिंगपैकी निम्मा वेळ जीव मुठीत धरूनच जात असे. म्हणून एका पावसाळ्याच्या शेवटी, भाद्रपदात, महामार्गाला न शिवणारा मार्ग शोधायचे ठरले.

सापडलेला मार्ग असा होता : शहरातून संगम माहुली, कृष्णा ओलांडल्यावर थोडे अंतर कोरेगावच्या रस्त्याने, आणि मग उजवीकडे वळून रहिमतपूरच्या दिशेने जाणाऱ्या ग्रामीण रस्त्यांनी पाच-सहा गावांतून फिरून परत. एकूण शेहेचाळीस किलोमीटर, चढ जवळजवळ नाही. रस्त्याचा दर्जा ओळखायला आम्ही मैलाच्या दगडांच्या रंगाचा आधार घेतला. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या माथ्याचा राज्य मार्गाचा, आणि केशरी माथ्याचा दगड दिसला की आपण ग्रामीण रस्त्यावर आलो असे समजावे. सायकलस्वाराला हा केशरी रंग फार सुखावतो, कारण तिथून पुढे जड वाहतूक असण्याचे वरकरणी काही कारण नसते.

पहिल्या पाहणीला सर आणि मी दोघेच गेलो होतो. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा ऊस, पानांवर दहिवर, फाट्यावर चिंचेखाली नुकतीच उघडलेली चहाची टपरी आणि मध्येच रस्त्यावर उतरून पुन्हा उसात शिरणारा भारद्वाज. सरांनी घड्याळ लावून मोजले, तेव्हा वळणापासून पन्नास मिनिटांत समोरून किंवा मागून अकरा वाहने गेली आणि त्यांतल्या नऊ दुचाकी होत्या, बहुतेक दूध घालायला निघालेल्या. परत येताना सर म्हणाले, "आपण इतकी वर्षे त्या महामार्गावर का मरत होतो?" मार्ग तिथेच पक्का झाला. पुढे घडलेल्या सगळ्याचे मूळ या एका पाहणीत आहे, म्हणून ती सविस्तर सांगितली.

अडचण

नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सर्व सुरळीत होते. त्यानंतर गळीत हंगामाचा, म्हणजे साखर कारखान्यांत ऊस गाळण्याच्या दिवसांचा, जोर वाढला आणि रस्त्यावर उसाच्या कांड्या, चिपाडे आणि शेतातून बाहेर पडणाऱ्या चाकांनी आणलेली माती दिसू लागली. रविवारगणिक दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ज्यांना आमच्याकडे अंगद म्हणतात त्या छोट्या ट्रॅक्टरगाड्या, आणि टायरच्या बैलगाड्या वाढत गेल्या. आम्ही ते पाहत होतो, आपसांत बोलतही होतो, आणि तरीही जात होतो.

डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी आम्ही सात जण निघालो. कृष्णाकाठी धुके होते. साधारण सतरा किलोमीटरवर, पावणेसातच्या सुमारास, समोरून एक दिवा येताना दिसला. ताई आणि महाविद्यालयीन मुलांपैकी एक जण पुढे होते. एकच दिवा असल्यामुळे दोघांनीही ती मोटारसायकल धरली, आणि मोटारसायकलला पुरेल एवढीच जागा सोडली. प्रत्यक्षात तो एका बाजूचा दिवा गेलेला ट्रॅक्टर होता आणि त्याच्यामागे रिकाम्या दोन ट्रॉल्या होत्या. अंतर पंधरा-वीस पावलांवर आल्यावर धुक्यातून ट्रॅक्टरचे नाक दिसले. मुलगा मागे सरकला. ताईंनी हँडल डावीकडे घेतले, पुढचे चाक डांबरावरून खाली उतरले, आणि खचलेल्या साइडपट्टीच्या कडेला घासत अडकले. डांबराची कड आणि माती यांच्यात तिथे वीतभर उतार आहे. चाक पुन्हा वर येऊ शकले नाही, आणि ताई डाव्या हातावर पडल्या. ट्रॅक्टरचा त्यांना स्पर्शही झाला नाही. तो मोठ्या आवाजात गाणी लावून पुढे गेला; मागे काही घडले आहे हे चालकाला कळले असण्याचा संभव कमीच.

मनगटाचे हाड मोडले होते. दादांनी पंपाची नळी आणि ओढणी वापरून हात बांधला. मागून आलेल्या दुधाच्या पिकअपवाल्याने कॅन एका बाजूला सरकवून ताईंना पुढे बसवले आणि साताऱ्यापर्यंत आणून सोडले. पैसे विचारले तर त्याला ते आवडले नाही. प्लॅस्टर सहा आठवडे राहिले.

अपघाताआधीचे निर्णय

त्या आठवड्यात सरांच्या घरी बसून आम्ही मागचे चार महिने उलगडून पाहिले. दोष ट्रॅक्टरच्या दिव्यावर टाकणे सोपे होते, आणि पहिला अर्धा तास तेच चालले. पण एक दिवा नसलेले वाहन समोर येणारच नाही असे धरून मार्ग आखणारे आम्हीच होतो.

पहिला निर्णय पाहणीच्या वेळेचा. भाद्रपदात उभ्या उसातून जाणारा रस्ता शांत असतो, कारण ऊस उभा असतो. तोच ऊस तीन महिन्यांनी त्याच रस्त्याने कारखान्याकडे जाणार, दुसरी वाट नाही, हे सातारा जिल्ह्यात जन्म काढलेल्या नऊ माणसांना सांगावे लागू नये. तरी ते कोणाच्या मनात आले नाही. आम्ही पिकाकडे देखावा म्हणून पाहिले.

दुसरा निर्णय खरे तर निर्णयच नव्हता, आणि म्हणून तो मला अधिक खटकतो. आम्ही सप्टेंबरात सहा वाजता निघत होतो, डिसेंबरातही सहालाच निघत होतो. सप्टेंबरच्या मध्यावर आमच्याकडे सूर्य सहा वाजून वीस-बावीस मिनिटांनी उगवतो, तर डिसेंबरअखेर सात वाजतात. माहुलीचा पूल ओलांडेपर्यंत उजाडणारी सायकल-सफर हळूहळू निम्मी अंधारात होऊ लागली होती, पण बदल आठवड्याला दोन-चार मिनिटांचा असल्याने तो एकदम जाणवला नाही. शिवाय उसाच्या वाहतुकीची लय आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हती : तोड दिवसा होते, भरलेली वाहने दुपारनंतर आणि रात्री कारखान्यावर जातात, आणि रिकाम्या झालेल्या ट्रॉल्या पहाटे पुन्हा फडाकडे, म्हणजे तोड चाललेल्या शेताकडे, धावतात. रिकामी ट्रॉली हलकी असल्यामुळे वेगात येते आणि खड्ड्यावर आडवी उसळते. आम्ही नेमकी तीच वेळ निवडली होती.

तिसरी गोष्ट शिस्तीची. महामार्गावर आम्ही एकामागे एक चालायचो, पुढचा माणूस हात करून खड्डा दाखवायचा. शांत रस्त्यावर आल्यावर ही सवय सुटली. दोघे दोघे जोडीने, गप्पा मारत जाणे हेच तर त्या रस्त्याचे सुख होते. ग्रामीण रस्त्याचे डांबर सर्वसाधारणपणे ३.७५ मीटर रुंद असते. अडीच मीटर रुंदीची ट्रॉली समोर आली की उरते सव्वा मीटर, आणि ट्रॉली भरलेली असेल तर बाहेर आलेली उसाची टोके त्यातलेही काही घेतात. जोडीने चालणाऱ्यांना तिथे जागाच नाही.

विचारात घेतलेले पर्याय

महाविद्यालयीन मुलांचे म्हणणे होते की महामार्गाच्या सेवा रस्त्यावर परत जावे. तिथे उजेड असतो, रस्ता रुंद आहे आणि काही झाले तर दवाखाना जवळ आहे. हा युक्तिवाद मला वाटला होता त्यापेक्षा सबळ होता. शांत रस्त्यावर अपघाताची शक्यता कमी धरली तरी मदत यायला लागणारा वेळ जास्त असतो, आणि त्या सकाळी पिकअप आली नसती तर काय केले असते याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडे नव्हते. पण सेवा रस्त्यावरच्या वाहनांचा वेग आणि संख्या पाहता सर आणि ते जोडपे त्याला तयार नव्हते.

मार्ग तोच ठेवून साडेआठला, चांगले उजाडल्यावर निघावे, हा दुसरा पर्याय. यात धुके आणि अंधार टळत होता. मात्र नऊनंतर फडातून बाहेर पडणाऱ्या गाड्या सुरू होतात, शिवाय रविवारी घरची कामे सोडून दुपारपर्यंत बाहेर राहणे तिघांना शक्य नव्हते. मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, तेव्हा कोरेगावच्या रस्त्याचा जो तुकडा आम्हाला लागतो तोही भरून वाहतो.

तिसरा पर्याय सरांनी मांडला आणि तो ऐकताना तो इतका उघड वाटला की थोडा वेळ कोणी बोललेच नाही. साताऱ्याच्या पूर्वेला उसाचा पट्टा आहे आणि पश्चिमेला डोंगर. यवतेश्वरचा घाट चढून कासला जाणारा रस्ता, आणि बोगद्यातून सज्जनगड-ठोसेघरकडे जाणारा रस्ता, हे दोन्ही आम्ही गर्दीचे म्हणून कधीच बाद केले होते. कारण आम्ही ते पावसाळ्यात पाहिले होते. ठोसेघरच्या धबधब्याची गर्दी जुलै-ऑगस्टात असते. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेले, आणि सप्टेंबरात तिथे फुले पाहायला येणाऱ्या मोटारींची रांग घाटात लागते. पण डिसेंबरात कासला कोण जाते? गवत वाळलेले, धबधबा आटलेला. म्हणजे ज्या महिन्यांत पूर्वेचा रस्ता भरतो त्याच महिन्यांत पश्चिमेचा मोकळा होतो, आणि पाऊस सुरू झाला की उलटे होते.

अडचण चढाची होती. सातारा शहरापासून कासपर्यंत साडेचारशे-पाचशे मीटर चढून जावे लागते, आणि सरांच्या गुडघ्यांना ते झेपणारे नव्हते. ज्यांनी मार्ग सुचवला त्यांनाच तो बंद होणार होता.

चौथा पर्याय, काही काळ सगळेच थांबवावे, हा ताईंच्या घरच्यांचा होता. तो आम्ही स्वीकारला नाही, तरी आठवड्याभरात उत्तर काढण्याची घाईही मग केली नाही.

केलेली कार्यवाही

पुढचे दोन रविवार कोणी सायकल काढली नाही. दादा आणि मी मोटारसायकलवरून त्याच फाट्यावरच्या चिंचेखालच्या टपरीत जाऊन बसलो, पहाटे साडेपाच ते साडेआठ. तिथे चहाला थांबलेल्या चालकांशी बोलणे झाले. बीड जिल्ह्यातून हंगामासाठी आलेल्या एका चालकाने सांगितलेली गोष्ट मी नोंदवून ठेवली आहे : "साहेब, तुमचा तो लुकलुक दिवा दिसतो, पण तो किती लांब हाय ते कळत न्हाई. पायाला काही चमकणारं लावा. वर-खाली हललं की माणूस सायकलवर हाय ते लगेच कळतं." त्याने स्वतःच्या ट्रॅक्टरच्या मागे लावलेले रेडियम दाखवले, अर्धे चिखलाने झाकलेले होते, आणि ते पुसायला फडावर वेळ कोणाला असतो हे त्याने न विचारताच सांगितले. रात्रभर गाडी चालवून तो पुन्हा तोडीला निघाला होता. त्याचे डोळे पाहिल्यानंतर सरांच्या घरी आधी जे काही बोललो होतो त्यातले बरेच मागे घ्यावेसे वाटले. हा रस्ता ऊस, दूध आणि शाळेला जाणारी मुले यांच्यासाठी बांधलेला आहे. आम्ही तिथे आठवड्यातून एकदा येणारे पाहुणे होतो.

या बोलण्यातून तीन बदल लगेच झाले. पुढचा दिवा लुकलुकता न ठेवता स्थिर ठेवायचा. प्रत्येकाने दोन्ही घोट्यांना चमकणारी पट्टी बांधायची आणि पेडलच्या कडांना रेडियम लावायचे. समोर एकच दिवा दिसला तर तो ट्रॅक्टरच आहे असे धरून एका रांगेत यायचे, आणि जागा अपुरी असेल तर साइडपट्टीवर सायकल चालवत न उतरता आधी थांबून पाय टेकायचा. चाक डांबराखाली गेलेच तर ते तिरके वर ओढायचे नाही, वेग कमी करून थांबायचे. ताईंचा तोल चाक वर घेण्याच्या प्रयत्नातच गेला होता.

मार्गाचा प्रश्न अर्धवट सुटला. नोव्हेंबर ते मार्च या काळासाठी बोगद्यातून सज्जनगडच्या पायथ्यापर्यंतचा रस्ता घेतला. चढ आहेत पण कासच्या घाटाएवढे अंगावर येणारे नाहीत, आणि उजाडता उजाडता उरमोडीचे पाणी दिसू लागते. सर अर्ध्या वाटेवरच्या गावात थांबतात आणि आम्ही परतताना आमच्यात येतात. याला तडजोड म्हणता येईल; सर स्वतः तिला तसेच म्हणतात. मेढ्याच्या दिशेचा कण्हेर धरणाकडचा रस्ता चढाने सौम्य आहे, पण महाबळेश्वरला जाणारी वाहने त्यावर असतात, म्हणून तो फक्त सुट्ट्या नसलेल्या आठवड्यांत.

साइडपट्टीसाठी अर्ज करण्याचा भाग मात्र आमच्या अज्ञानाने लांबला. आम्ही पहिला अर्ज सार्वजनिक बांधकाम विभागाच्या एका कार्यालयात दिला. ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात हे आम्हाला तिथे समजले, आणि तोवर सहा आठवडे गेले होते. ज्या केशरी दगडावरून आम्ही रस्ता निवडला त्याचा हा अर्थ आम्ही लावलाच नव्हता. दुसऱ्या वेळी ग्रामपंचायतीच्या ठरावासह अर्ज गेला. तो ठराव होण्याचे खरे कारण आमची ताई पडली हे नव्हते. सरपंचबाईंनी सांगितले की त्याच वळणावर शाळेच्या दोन मुली सायकलसह खाली गेल्या होत्या, आणि त्याची कुठेही नोंद झाली नव्हती. शाळेतल्या मुलांच्या सायकलींना रेडियम लावण्याचे काम आमच्या गटातल्या तिघा मुलांनी एका शनिवारी केले. ते चांगले झाले, पण ते आम्हाला आधी सुचायला हवे होते. शाळेतल्या त्या मुलांना आम्ही चार महिने दर रविवारी टपरीवर भेटत होतो.

वेगळे काय करता आले असते

एका पाहणीवर मार्ग ठरवणे ही मुख्य चूक, याबद्दल गटात दुमत नाही. आता नव्या मार्गाची पाहणी ज्या वेळी जायचे त्याच वेळी आणि त्याच वारी होते, आणि गावात किमान तीन ठिकाणी विचारले जाते : दूध संकलन केंद्र, एसटीचा थांबा आणि टपरी. "या रस्त्याने वर्षातून कधी जाऊ नये?" असा प्रश्न विचारला की लोक नेमके उत्तर देतात. "रस्ता कसा आहे?" असे विचारले तर "चांगला आहे" एवढेच मिळते. आठवडी बाजाराचा वार, जत्रेची तिथी, कालव्याचे पाणी सुटल्यावर कुठे रस्ता चिखलाचा होतो, हे सगळे अशा विचारण्यातूनच वहीत आले.

मार्ग बदलण्याचा दिवस कसा ठरवायचा यावर बराच खल झाला. तारीख धरता येत नाही, कारण हंगाम दर वर्षी पुढेमागे होतो. शेवटी दादांनी सुचवलेली खूण मान्य झाली. दसऱ्याच्या आसपास कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन, म्हणजे हंगामासाठी तो पेटवण्याचा विधी, होते आणि त्याची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात हटकून येते; गव्हाणीत उसाची मोळी पडायला, म्हणजे प्रत्यक्ष गाळप सुरू व्हायला, त्यानंतर काही दिवस किंवा आठवडे असतात. अग्निप्रदीपनाची बातमी वाचली की पूर्वेचा मार्ग बंद करायचा. हंगाम संपून धुराडे थंडावल्याची बातमी आली की पंधरा दिवस सोडून पुन्हा पाहणी करायची.

एका मुद्द्यावर आमचे एकमत झालेले नाही. अपघाताच्या आधीच्या तीन रविवारी रस्ता बदलतो आहे हे सगळ्यांना दिसत होते, आणि मार्ग ठरवणारा म्हणून मी तो थांबवायला हवा होता असे मला वाटते. ताईंचे म्हणणे वेगळे आहे : थांबवण्याचा अधिकार एकाकडे ठेवला की बाकीचे पाहणे सोडून देतात, म्हणून निघण्यापूर्वी कोणीही एकाने "आज नको" म्हटले तर त्या दिवशी जायचे नाही, कारण विचारायचे नाही, असा नियम असावा. सध्या तो नियम आहे. त्यामुळे आमचे काही रविवार रिकामे जातात आणि मुलांची त्यावर कुरकुर असते.

निष्पत्ती

ताई मार्चच्या शेवटी परतल्या. पहिल्या दोन सफरी सज्जनगडच्या बाजूला झाल्या. तीन मुलांपैकी दोघांनी गट सोडला. त्यांना वेगात चालवायचे होते आणि सेवा रस्ताच त्यांना बरा वाटतो. ताईंच्या डाव्या मनगटाची पकड पूर्वीसारखी नाही, लांब उतारावर ब्रेक धरून ठेवताना दुखते, म्हणून दादांनी ताईंच्या सायकलीचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला घेऊन दिला आहे.

जूनमध्ये, पहिला पाऊस झाल्यानंतर, आम्ही सगळे पुन्हा पूर्वेच्या मार्गावर गेलो. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावायच्या, उसाची रोपे टाकायला शेते तयार होत होती, तोडलेल्या उसाला पुन्हा फुटलेला खोडवा गुडघ्याएवढा झाला होता, आणि वळणानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात चारच वाहने भेटली. जिल्हा परिषदेने साइडपट्टीवर मुरूम टाकला आहे, दाबूनही घेतला आहे. तो साधारण दोनशे मीटर आहे आणि शाळेच्या बाजूचे वळण त्यात आले आहे. ताई जिथे पडल्या ती जागा मुरूम संपतो तिथून साठ पावले पुढे आहे. ताई तिथे उतरल्या, सायकल हातात धरून ती साठ पावले चालल्या, आणि पुढे बसल्या. उरलेल्या भागासाठी ग्रामपंचायतीचा दुसरा ठराव झाला असून अर्ज या वेळी योग्य कार्यालयात दिला आहे.